बाळाच्या ठोक्यांचे औषध आणि रिकामे पोट

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. दुसऱ्या महिन्यात तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 240 पर्यंत गेल्यामुळे तिला कोल्हापूरला दाखल करावे लागले होते. तेव्हापासून प्रोप्रानोलॉलची गोळी पाण्यात विरघळवून, त्यातले मोजून दिवसातून तीन वेळा देतो. शेजारच्या काकू म्हणतात, एवढ्याशा जिवाला मोठ्यांची ब्लडप्रेशरची गोळी देऊ नये. गेल्या आठवड्यात तिला उलट्या-जुलाब झाले. अशा वेळी डोस द्यावा का? आणि मुलगी आता ठणठणीत आहे, तर औषध बंद करता येईल का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : काकूंची शंका अगदीच निराधार नाही. असेच वाढलेले ठोके आवरण्यासाठी मोठ्यांना शिरेतून दिले जाणारे व्हेरापामिल एक वर्षाखालील बाळांना देण्याचे टाळतात, कारण त्याने रक्तदाब कोसळून हृदय बंद पडू शकते. प्रोप्रानोलॉल मात्र तान्ह्या बाळांना अनेक वर्षांपासून दिले जाते. त्याचा डोस वजनावरून ठरतो, त्यामुळे वजन वाढेल तसा तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो.

या औषधाचा खरा धोका उपाशीपोटी आहे. लहान बाळाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो; दूध चुकले की रक्तातली साखर उतरू लागते आणि शरीर साठ्यातून ती भरून काढते. प्रोप्रानोलॉल नेमका हाच मार्ग अडवते. शिवाय साखर उतरल्याची ओळख पटवणारी धडधड आणि थरथरही त्याने दबते. अंगाला दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, दूध ओढण्याची ताकद नसणे, उठवूनही न उठणारी झोप, एवढ्याच खुणा उरतात. असे दिसले आणि बाळ शुद्धीवर असेल तर लगेच अंगावर पाजावे किंवा साखरपाणी द्यावे. गुंगीत असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही न घालता 108 वर फोन करून जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि तेथे पोचताच, मुलगी प्रोप्रानोलॉलवर आहे, आधी साखर तपासा, असे सांगावे.

म्हणून डोस नेहमी दूध किंवा पेज पोटात गेल्यावरच द्यावा. उलट्या होत असतील, बाळ काही घेत नसेल, तर तो डोस थांबवून लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करावा, कारण औषधात खंड पडला तर ठोके पुन्हा वाढू शकतात आणि यातला तोल त्यांनीच ठरवायचा आहे. दिलेला डोस उलटून पडला तरी अंदाजाने पुन्हा देऊ नये. पुढच्या वेळी दुप्पट तर नाहीच नाही. गगनबावड्यामार्गे तपासणीला जाताना मूल गाडीत तासन्‌तास झोपते आणि आपणही बरे झाले म्हणून उठवत नाही. त्या दिवशी मात्र तिला उठवून पाजावे.

दुसरी सावधगिरी गोळीच्या पाकिटाची. प्रोप्रानोलॉल 10, 20 आणि 40 मिलिग्रॅममध्ये मिळते. मेडिकलवाल्याकडे 10 ची संपली म्हणून 40 ची आली आणि तुम्ही नेहमीइतक्याच पाण्यात विरघळवून तेवढेच मिलिलिटर दिले, तर बाळाला चौपट औषध जाते. दर वेळी पाकिटावरचा आकडा वाचावा, चमच्याऐवजी सुईविना सिरिंजने मोजावे आणि औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नये, कारण उरलेल्या दुधाबरोबर किती औषध गेले हे कळत नाही. सर्दी-खोकल्यात छातीत घरघर ऐकू आली तरी डॉक्टरांना कळवावे. या औषधाने श्वासनलिका आवळू शकतात.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. बऱ्याच बाळांत हा त्रास पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ओसरतो, आणि तेव्हा ईसीजी व गरज पडल्यास होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारी तपासणी) पाहून डॉक्टर औषध कमी करतात. आज मुलगी ठणठणीत दिसते ती कदाचित औषधामुळेच, म्हणून स्वतःहून थांबवू नका. औषध उतरवायची वेळ ऐन पावसाळ्यात येत असेल आणि घाट बंद पडण्याची भीती असेल, तर ते पाऊस ओसरल्यावर करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.