देवघराचा पडदा आणि चर्चची घंटा

प्रश्न : आमचं दोन खोल्यांचं घर. टीव्ही आणि देवघर एकाच खोलीत. मुलाला अठरावं सरलंय, बारावीची परीक्षाही आटोपली आहे. रात्रीची जेवणं उरकली की तो मित्राकडून आणलेल्या प्लेस्टेशनवर ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ खेळतो. त्यात चर्च आहे, पंथाची चिन्हं आहेत, कफन्या घातलेले साधू काहीतरी पुटपुटत अंगावर धावून येतात. सासूबाई म्हणतात, देवासमोर असलं अभद्र नको. मुलगा म्हणतो, “आजी, ते ख्रिश्चनांचं आहे, आपलं थोडंच?” मला दोघांचंही पटत नाही.
— एक आई, वाई

उत्तर : ताई, सासूबाईंचं सोपं आहे. टीव्ही लावायच्या आधी देवघराचा पडदा ओढायचा, आवाज हेडफोनवर घ्यायचा. ज्यांनी आयुष्यभर त्या देवांपुढे वात लावली त्यांचा एवढा मान ठेवायला कुणाचं काही जात नाही.

मला खटकलं ते चिरंजीवांचं उत्तर. मी हा खेळ २००५ चा जुनाही खेळलेय आणि २०२३ मध्ये नव्याने घडवलेलाही. (आमच्या ह्यांना अजून वाटतं, रात्री मी भिशीचे हिशेब करते.) मुळात ते ख्रिश्चनांचं नाहीच. खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, गाव स्पेनमधलं, आणि ‘लॉस इल्युमिनादोस’ हा पंथ पूर्ण मनाने रचलेला. त्यांच्या अंगात एक परजीवी किडा सोडलेला असतो आणि त्या किड्याच्या जोरावर सॅडलर नावाचा म्होरक्या सगळ्या गावाला नाचवतो. चर्चची इमारत तेवढी उरलीय, आतला देव केव्हाच हद्दपार झालाय.

आणि ‘आपलं नाही’ म्हणून काहीही चालतं का? २००७ साली सोनीच्या एका खेळात इंग्लंडमधल्या मँचेस्टर कॅथीड्रलच्या आत गोळीबार दाखवला होता. तिथल्या चर्चने हरकत घेतली आणि सोनीला माफी मागावी लागली. त्याआधी ‘हिटमॅन २’मध्ये गुरुद्वारासारख्या जागी खूनबाजी होती, शीख मंडळींनी आवाज उठवल्यावर ती बदलावी लागली. उद्या असल्या एखाद्या खेळात तुमचा ढोल्या गणपती आला तर हाच मुलगा सगळ्यात आधी चिडेल.

तुम्ही वाईकर म्हणून एक सांगते. रंगपंचमीला बावधनचं बगाड त्याने पाहिलं असेलच. उंच शिडाला टांगलेला बगाड्या, म्हणजे नवस फेडणारा माणूस, ओढणारे बैल, गुलाल, ‘काशीनाथाचं चांगभलं’चा गजर. आपल्याला ते नवसाचं वाटतं. तेच चित्रण आगापिछा न सांगता स्पेनमधल्या एखाद्या आजीबाईंना दाखवा, त्या तोंडावर हात ठेवतील. परक्याच्या देवाची भीती दाखवणं खेळ बनवणाऱ्याला फार स्वस्तात पडतं, एवढं पोराला कळलं तरी पुरे.

ह्याचं उलट टोकही तुमच्या शेजारीच आहे. त्याला सायकलवरून मेणवलीला पाठवा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी भली मोठी घंटा आहे ती चर्चची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाची. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे, बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. आपली माणसं तिच्याखाली उभी राहून फोटो काढतात, कुणाला भ्या वाटत नाही.

खेळातल्या घंटेचं मात्र मला भय वाटलं. सुरुवातीलाच खेळाचा नायक लिऑन गावात शिरतो, कुऱ्हाडी-कोयते घेऊन सगळं गाव त्याला घेरतं. तो आता संपला असं वाटतं, तेवढ्यात चर्चची घंटा वाजते आणि ती माणसं हत्यारं खाली टाकून चर्चकडे चालू लागतात. समोर उभ्या माणसाकडे बघतसुद्धा नाहीत. रक्तबिक्त सगळं खोटं आहे हो, पण हे चालणं खोटं वाटत नाही. एकाने सांगितलं की सगळे उठतात, दुसऱ्यांदा सांगितलं की सगळे घरी. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ सालीच, झाला. तो देवाविरुद्ध नाही, सॅडलरच्या जातीच्या बाबा-बुवांविरुद्ध आहे. मुलाशी बोलायचंच असेल तर ह्यावर बोला. पापपुण्याचा विषय काढलात की तो हेडफोन चढवेल.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेत ह्या खेळावर सतरा आणि युरोपात अठरा वर्षांचा शिक्का आहे. तुमचा मुलगा त्यात बसतो. धाकटं कुणी घरात असेल तर ते झोपल्यावरच.

प्रश्न : काकू, त्याच गावात माझ्या गोळ्या दर वेळी संपतात. काय करू?
— कॉलेजकुमार, कराड

उत्तर : सगळ्यांना मारायला निघालास म्हणून संपतात. तिथे जिंकायचं नसतं, तग धरायची असते. एका जागी उभा राहू नकोस, भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात तर मुळीच नको. गुडघ्यावर एकच गोळी घाल, माणूस वाकला की पळत जाऊन लाथ मार. एका लाथेत आजूबाजूचे दोघेतिघे आडवे होतात. दुमजली घरात शॉटगन आहे, पण तू आत पाऊल टाकलंस की करवतवाला येणार, तेव्हा आधी बाहेरच्या पेट्या फोडून घे आणि मगच शिर. त्याच्या जवळ गेलास तर डोकंच जातं. हिरवी बुटी एकटी खाऊ नकोस, लाल मिळेपर्यंत कळ काढ. दोन्ही मिसळल्या की जखम पूर्ण भरते. नव्या आवृत्तीत सुरीने वार अडवता येतो, पण ती झिजते. पुढे व्यापारी भेटला की पहिले पैसे सुरीच्या दुरुस्तीला घाल, नवी बंदूक मागाहून बघू.