मावा आलाय, पण पंप कुलपातच राहू द्या

प्रश्न : ताई, मी कोथरूडमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि हरित सेनेचं काम बघते. मुलांनी मैदानाच्या कडेला सेंद्रिय भाजीची बाग केली आहे. दर आठवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) घालतो. वालाचे वेल जोमात होते, पण ढगाळ हवा पडली आणि शेंडे काळ्या माव्यानं, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी भरले. सातवीची मुलं दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचं कीडनाशक) फवारायला उतावीळ झालीत. त्यात खताच्या खड्ड्याला असा वास येतो की मुख्याध्यापक तो बुजवायला सांगताहेत. आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई, फवारणीचा पंप आठवडाभर कुलपात ठेवा. आणि जीवामृत महिन्यातून एकदा पुरे. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यावर आणखी खुराक दिला की शेंडे लुसलुशीत होतात आणि अशा शेंड्यांवर मावा हटकून येतो.

आता मुलांच्या हातात भिंग द्या. मावा कोवळ्या देठात सोंड खुपसून बसलेला दिसेल. माव्याच्या मादीचं नरावाचून अडत नाही, ती थेट पिल्लंच घालते. म्हणून बघता बघता शेंडा काळा होतो. जवळपास मुंग्यांची रांग असणारच. माव्याच्या अंगातून झरणारा गोड, चिकट थेंब त्यांना हवा असतो आणि त्यापायी त्या माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट अडवा : वेल चढवलेल्या काठीला खाली तेलकट चिंधी गुंडाळा.

मग शोधायची लेडीबर्डची अळी. लाल-केशरी ठिपकेदार भुंगा सगळ्यांना ठाऊक असतो, अळी कुणालाच नाही. करडी-काळी, अंगावर केशरी डाग, पुढे सहा पाय, मागे निमुळती होत गेलेली. इवलीशी सुसरच म्हणा ना. माव्याचा फडशा पाडण्यात ती भुंग्याला हार जात नाही. पण दिसते भयंकर, म्हणून मुलं आधी हिलाच चिरडतात. (मोठी माणसंही.) तुमची दशपर्णी माव्यावर पडेल तशी हिच्यावरही पडेल. दशपर्णी झाडपाल्याची, म्हणून निरुपद्रवी, हा समज मुलांच्या डोक्यातून काढाच.

फार माखलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यांवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. एवढ्यानंही भागलं नाही तरच निंबोळी अर्क : वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड रात्रभर 1 लिटर पाण्यात भिजवायची, गाळून चिमूटभर साबण घालायचा आणि फक्त माव्यावर, तेही उन्हं उतरल्यावर मारायचा.

खड्ड्याच्या बाबतीत मी मुख्याध्यापकांच्या बाजूची. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं आणि हवा कोंडली की कुजका वास आलाच. जमिनीच्या वर, फटी ठेवून रचलेल्या विटांचा हौद करा. डब्यातली उरलेली पोळी-भाजी त्यात मुळीच नको. ओला कचरा एक घमेलं, तर कोरडा पाला दोन-तीन घमेली. रेन ट्रीची बारीक पानं यासाठी उत्तम. वडाची चिवट, ती चुरडूनच टाका. आठवड्याला एकदा सगळं खालीवर करा. शिपाईमामांना मात्र आत्ताच सांगून ठेवा, झाडलेला पाला पेटवायचा नाही.

मे महिन्यात बाग चालवायचा अट्टहास कशाला? मार्चअखेर शेवटची भाजी काढा, वाफ्यांवर वीतभर पाला पसरा आणि सुट्टीवर जा. जूनमध्ये शाळा उघडली, दोन पाऊस झाले की हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमारास मातीत गाडा. तो कुजला की गणपतीच्या आसपास मेथी, मुळा, लाल माठ. पुढच्या वर्षीच्या अर्कासाठी निंबोळ्याही पावसाच्या सुरुवातीलाच गोळा करून सावलीत वाळवायला हव्यात. हिवाळ्यात झाडाखाली एकही सापडायची नाही.