शब्द नसतानाही फिडलची धून एवढी विरहाची का वाटते?

फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतात त्याला हे नाव आहे. माझ्या मते सगळं गुपित गजात आहे, म्हणजे तारांवरून फिरवायच्या केस ताणलेल्या काठीत. गिटारची तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. गजाने मात्र तो धरून ठेवता येतो, फुगवता येतो, हळूहळू पातळ करत नेता येतो. माणूस हुंदका आवरत बोलतो ना, अगदी तसं. त्यात या वाद्याला गिटारसारखे पडदे, म्हणजे तारांखालच्या आडव्या पट्ट्या, नसतात, त्यामुळे बोट एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं. आपण ज्याला मींड म्हणतो तीच ही. हवा असलेला स्वर समोर दिसतोय, पण तिथे पोचायला वेळ लागतोय. ओढ ऐकू येते ती याच वेळात.

पाश्चात्य संगीतात मेजर आणि मायनर अशा दोन मुख्य स्वरमालिका असतात; मेजर सहसा प्रसन्न वाटते, मायनर उदास. दुःखी धून मायनरमध्येच असते असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. स्कॉटलंडचा फिडलवादक नील गाऊ (१७२७–१८०७) याने दुसरी पत्नी गेल्यावर रचलेली शोकधून मेजरमध्ये आहे. लय संथ, चाल साधी. ऐकताना रडू येण्याआधी त्या दोघांचं सुखाचं सहजीवन डोळ्यांसमोर येतं, आणि म्हणूनच ती जास्त लागते.

ऐकताना एक करून बघा. ओळ संपते तिथे शेवटच्या स्वराकडे कान द्या. चांगला वादक तो तोडत नाही. गजावरचा दाब कमी करत जातो, शेवटी केसांची नुसती खरखर उरते, आणि पुढची ओळ किंचित उशिरा सुरू होते.