वाचकांचे प्रश्न : नकळत दिलेली पूड आणि रोजची क्वार्टर

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. गेली दहा-बारा वर्षे ते रोज रात्री एक क्वार्टर घेतात. शिवीगाळ नाही, मारहाण नाही, कामावर खाडा नाही; ‘मला पचते’, असे ते म्हणतात. गेल्या श्रावणात त्यांनी एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ते ओरडत उठले. सासूबाईंनी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला. ते पुन्हा प्यायले, तेव्हाच शांत झाले. आता सासूबाई त्यांना माळ घालायला सांगतात आणि शेजारच्या काकूंनी जेवणात नकळत मिसळायची पूड आणून दिली आहे. ती द्यावी का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, ती पूड देऊ नका. अशा पुड्यांत नेमके काय आहे, हे देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. तिच्यात डायसल्फिराम असेल तर धोका फार मोठा आहे. हे औषध डॉक्टरही वापरतात, परंतु तपासण्या करून आणि रुग्णाच्या संमतीने. कारण दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचा निचरा ते रोखून धरते. अशा वेळी माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदय दुबळे असेल तर जीवही जाऊ शकतो. आपल्या पोटात काय गेले आहे हे ज्याला माहीतच नाही, तो रात्री नेहमीप्रमाणे बाटली उघडणारच. शिवाय उद्या त्यांना हे कळले, तर तुमच्या हातच्या जेवणावरचा त्यांचा विश्वास उडेल, आणि पुढच्या उपचारात त्या विश्वासाचीच सर्वांत जास्त गरज लागणार आहे.

श्रावणात जे झाले, ती बाधा नव्हती. दारू मेंदूचे काम मंदावते; वर्षानुवर्षे रोज दारू मिळत राहिली की मेंदू तिला तोंड देण्यासाठी स्वतःला अधिकाधिक उत्तेजित ठेवू लागतो. दारू एकाएकी थांबली की नुसती उत्तेजना उरते. म्हणून काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ही शेवटची अवस्था उपचारांवाचून जीवघेणी ठरू शकते. तुमचे पती त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आले आहेत, असे मला वाटते.

‘पचते’ या समजुतीचे मूळही इथेच आहे. पिऊनही न झिंगणे म्हणजे मेंदू सरावला आहे, एवढाच त्याचा अर्थ. यकृत सरावत नाही. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि ते रोज रिचवताना यकृतावर आधी चरबी साठते, पुढे काहींचे यकृत घट्ट व निकामी होत जाते. कावीळ दिसेपर्यंत किंवा पोटात पाणी होईपर्यंत अनेकदा काहीच दुखत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका आणि यकृत यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. मारहाण नाही म्हणून घराला झळ नाही, असेही मानू नका. महिन्याच्या तीस क्वार्टरचा हिशेब एकदा कागदावर मांडा आणि संध्याकाळनंतर मुले वडिलांशी किती बोलतात, तेही पाहा.

सासूबाईंच्या माळेला माझा विरोध नाही. माळेच्या धाकाने आणि श्रद्धेने वर्षानुवर्षे दारूपासून दूर राहिलेली माणसे आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. मात्र आधी डॉक्टर, मग माळ. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना रोजचे प्रमाण आणि श्रावणातला प्रकार जसाच्या तसा सांगा. गरजेप्रमाणे दाखल करून घेऊन ते काही दिवस कमी-कमी करत जायच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. तोपर्यंत घरच्या घरी दारू एकदम तोडायला लावू नका. त्यानंतर समुपदेशन हवे. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत, आणि १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. पती तयार नसतील तरी तुम्ही एकट्या फोन करू शकता; कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या स्वतंत्र सभाही असतात.

प्रश्न : मुलगा शनिवारी मित्रांकडे स्ट्राँग बिअरची एक बाटली पिऊन दुचाकीवरून घरी येतो. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. ६५० मिलीच्या, ८ टक्क्यांच्या एका बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन पेगांइतके. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले तर वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शनिवारी गाडीची किल्ली घरीच ठेवून घ्या, त्याला रिक्षाने पाठवा. पिण्याबद्दलचे बोलणे रविवारी सकाळी, तो शुद्धीत असताना करा.