सर्टिफिकेट कोणाचं आणि माल कोणाचा? आयात मालाच्या बीआयएसबद्दल वाचकांचे प्रश्न

मी नाशिकमध्ये बसून कस्टम क्लिअरन्सचं काम करतो आणि आठवड्यातून एकदा तरी न्हावा शेवाला चक्कर असतेच. गेल्या काही दिवसांत आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे, माल निघाल्यावर कागद शोधायला घेतलेत. म्हणून आज फक्त बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं सर्टिफिकेशन, आणि त्याच्या आजूबाजूचं.

अंबड एमआयडीसीतून प्रश्न: आम्ही एलईडी पॅनल लाइट जोडतो. त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे भाग, चीनमधून मागवले. सप्लायरने बीआयएसचं सर्टिफिकेट पाठवलं होतं, आम्ही ॲपवर नंबर टाकून बघितला, खरा निघाला. तरी एक्झामिनेशनला माल अडवला. नंबर खरा असून अडवतात कसं?

दादा, तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. सर्टिफिकेटवर फॅक्टरीचा पत्ता शेन्झेनचा आहे आणि ड्रायव्हरच्या लेबलवर अगदी बारीक अक्षरात झोंगशानचा. नंबर खरा आहे, पण तो दुसऱ्या फॅक्टरीचा आहे.

हे नीट समजून घ्या कारण अर्धी नुकसानं इथेच होतात. इलेक्ट्रॉनिक्स आणि एलईडीसाठी जी रजिस्ट्रेशनची स्कीम आहे, ज्याला आपण सीआरएस म्हणतो, ती २०१२ च्या ऑर्डरने आली. तिच्यात रजिस्ट्रेशन मिळतं ते एका फॅक्टरीला, त्या पत्त्यावर, त्या ब्रँडसाठी, त्या प्रॉडक्टसाठी. त्याच मालकाची दुसरी फॅक्टरी असली तरी तिला वेगळा नंबर लागतो, ब्रँड बदलला तर परत वेगळं. ट्रेडर मधे असेल तर तो मुळात धरलाच जात नाही. आणि तुम्ही इथले इंपोर्टर, तुमच्या नावावर काहीच नसतं, तुम्ही फक्त त्या फॅक्टरीच्या कागदावर उभे असता. म्हणून पीआय (सप्लायरचं आगाऊ बिल) आली की पहिला प्रश्न विचारायचा, माल कुठल्या गेटमधून निघणार? तो पत्ता सर्टिफिकेटवर आहे का, मॉडेल नंबर यादीत आहे का, तुमच्या ड्रायव्हरला आयएस १५८८५ हा भारतीय मानकाचा नंबर लागतो तर सर्टिफिकेट त्याच आयएसचं आहे का? सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवून तपासतात त्या यार्डात, ऑफिसर खोका उघडतो तेव्हा पीडीएफ नंतर बघतो, आधी वस्तू हातात घेऊन आयएस नंबर आणि आर-ने सुरू होणारा आठ आकडी नंबर शोधतो. वस्तूवर नसेल तर तुमच्या फाइलला अर्थ राहत नाही.

अजून एक, सीई मार्क दाखवून कोणी सप्लायर निश्चिंत करत असेल तर होऊ नका. सीई युरोपचं आहे आणि बऱ्याच वस्तूंना फॅक्टरी ते स्वतःच जाहीर करून लावते. आपल्याकडे त्याच्यावर माल सुटत नाही. आयएसओ ९००१ चंही तेच.

रविवार कारंज्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानातून: मी काही इंपोर्ट करत नाही, मुंबईच्या होलसेलरकडून बिलावर माल घेते. मग बीआयएसची जबाबदारी त्याची ना?

ताई, त्याची आहेच, पण तुमचीही आहे. बीआयएसचा २०१६ चा कायदा आहे त्याच्या कलम १७ मध्ये आयात करणाऱ्याबरोबर वाटणारा, विकणारा, साठवणारा आणि विक्रीला मांडणारा हे सगळे आहेत. म्हणजे शोकेसमध्ये ठेवलं तरी आलात. शिक्षा कलम २९ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख दंड, पुढच्या वेळी किमान ५ लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

खेळण्यांना हा नियम १ जानेवारी २०२१ पासून आहे, १४ वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी, देशी असोत की बाहेरची. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि बॅटरीवाल्यांना आयएस १५६४४, आणि खेळण्यावर किंवा पॅकवर आयएसआय मार्क, वर आयएस नंबर, खाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कोणाचं लायसन्स आहे आणि चालू आहे का ते लगेच दिसतं.

मला हा विषय फार लागतो म्हणून थोडं जास्त लिहितो. होलसेलरने दिलेली एक गाणारी बाहुली घ्या आणि मागचं बॅटरीचं झाकण नखाने उघडून बघा. उघडलं, आणि आत चपट्या गोल सेल असतील, तर ते खेळणं तुमच्या दुकानातून आजच बाजूला काढा. स्टँडर्डमध्ये ते झाकण असं सहज हाताने उघडू नये, स्क्रू किंवा तसंच काही असावं, असं असतं कारण ती सेल लहान मुलाने गिळली तर अन्ननलिका काही तासांत जळते. ते शिक्क्याचे दोन पैसे वाचवून आलेलं खेळणं कोणाच्या तरी घरात जातं, आपल्याच गल्लीत. होलसेलर बिलावर नुसतं "प्लास्टिक आयटम" लिहून देत असेल तर तो माल घेऊ नका, बिलावर ब्रँड आणि खेळण्याचं नाव मागा.

सातपूरहून एका ओळीत: एजंट म्हणतोय एचएस कोड (कस्टमच्या वर्गवारीतला मालाचा नंबर) दुसरा टाकू, मग बीआयएस लागणार नाही. चालेल का?

अजिबात नाही. क्यूसीओ, म्हणजे एखाद्या वस्तूला बीआयएस सक्तीचं करणारा सरकारी ऑर्डर, वस्तूच्या वर्णनावर आणि आयएस नंबरवर चालतो, एचएस कोड त्यात बहुतेक वेळा ओळखीपुरता असतो. कोड बदलून वस्तू बदलत नाही, उलट चुकीचं डिक्लरेशन केलं म्हणून कस्टम ॲक्टच्या कलम १११ खाली जप्तीचा वेगळा विषय उभा राहतो आणि सही तुमची असते, एजंटची नाही. कोडबद्दल खरंच शंका असेल तर माल मागवायच्या आधी ॲडव्हान्स रूलिंगचा, म्हणजे कोडचा निर्णय आधीच मागायचा, अर्ज करता येतो. आणि असा सल्ला देणारा एजंट बदला.

सिन्नरहून: आम्ही दिंडोरीकडच्या वायनरींसाठी टाक्या बनवतो. ३०४ ग्रेडची स्टेनलेस कॉइल बाहेरून स्वस्त पडते. मिलकडे बीआयएस आहे म्हणतात. अजून काय बघू?

मिलकडे लायसन्स आहे एवढ्यावर थांबू नका, लायसन्सचा स्कोप मागवा. स्टेनलेसच्या शीट-प्लेटला आयएस ६९११ आहे आणि लायसन्समध्ये कुठले ग्रेड, किती जाडीपासून किती जाडीपर्यंत ते लिहिलेलं असतं. तुमची जाडी त्यात बसली पाहिजे. मग मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (वितळवलेल्या बॅचचा नंबर) आणि कॉइलच्या टॅगवरचा हीट नंबर एकच पाहिजे, हे लोडिंगच्या आधी फोटोवर मागा, सगळे देतात.

त्याशिवाय सिम्स, म्हणजे स्टीलच्या आयातीवर लक्ष ठेवायची सरकारी नोंदणी. १ नोव्हेंबर २०१९ पासून स्टीलच्या आयातीची आधी ऑनलाइन नोंद करावी लागते आणि तो नंबर बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदात) टाकायचा असतो. बीआयएस नसलेला ग्रेड मागवायचा असेल तर स्टील मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या कन्साइनमेंटसाठी स्पष्टीकरण घ्यावं लागतं, आणि ते हातात येईपर्यंत ॲडव्हान्स पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिलकडे लायसन्स नाही पण ते काढायला तयार आहेत, असं कोणी म्हणालं तर तो माल पुढच्या वर्षीचा समजा. परदेशी कारखान्यांची वेगळी स्कीम आहे, त्यात बीआयएसचे अधिकारी तिथे जाऊन फॅक्टरी बघतात, सॅम्पल घेतात, टेस्ट होते, इथे अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि १०,००० डॉलरची बँक गॅरंटी द्यावी लागते.

सातपूरहूनच: तैवानचं मशिनिंग सेंटर घ्यायचंय, स्वतःच्या शॉपसाठी, विकायला नाही. मशीनलाही आता बीआयएस आहे म्हणे?

ऑर्डर २८ ऑगस्ट २०२४ ला निघाला, त्यात पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, मशीन टूल असं बरंच आहे. तो वर्षभराने लागू होणार होता, मग तारीख १ सप्टेंबर २०२६ वर गेली. अशा तारखा हलतात, आख्खे ऑर्डरही मागे घेतले जातात, नोव्हेंबर २०२५ मध्ये प्लास्टिक आणि पॉलिएस्टरच्या कच्च्या मालाचे १४ क्यूसीओ एका झटक्यात रद्द झाले. त्यामुळे कोणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायच्या दिवशी गॅझेटची पीडीएफ डाउनलोड करून फाइलला लावा आणि माल निघायच्या आधी परत बघा.

स्वतःच्या वापरासाठी आहे म्हणून सुटका, हा गैरसमज आहे. बीआयएस कायद्याच्या कलम १७ मध्ये "आयात" हा शब्द स्वतंत्र आहे, पुढे विकता की नाही हा प्रश्न नंतरचा. ज्या सवलती आहेत त्या ऑर्डरमध्येच लिहिलेल्या असतात. उदाहरणार्थ बऱ्याच क्यूसीओमध्ये आरअँडडीसाठी वर्षाला २०० नग आणता येतात, पण ते विकायचे नाहीत, नंतर भंगारात काढायचे आणि त्याचं रेकॉर्ड ठेवायचं. तैवानच्या पार्टीशी करार करताना एक ओळ घाला, मशीन लोड होईपर्यंत भारतीय नियम लागू झाला तर सर्टिफिकेशनची जबाबदारी त्यांची आणि नाही जमलं तर ॲडव्हान्स परत.

गंगापूर रोडवरून: इटलीचं चीज आणि चॉकलेट आणायचा विचार आहे. यालाही बीआयएस का?

नाही, इथे एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण. इंपोर्टर म्हणून सेंट्रल लायसन्स काढा. लोक अडकतात ते शेल्फ लाइफमध्ये. क्लिअरन्सच्या वेळी एकूण आयुष्याच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यातलं जे कमी ते शिल्लक पाहिजे. १२ महिन्यांच्या चॉकलेटला ३ महिने उरलेले पुरतात, पण १२० दिवसांच्या चीजला ७२ दिवस उरलेले लागतात, म्हणजे बनल्यापासून ४८ दिवसांत ते इथे क्लिअरन्सला उभं पाहिजे. समुद्राने आणायचा हिशोब बसतो का बघा, मला तर चीज विमानानेच दिसतंय. लेबलवर इंपोर्टरचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर आणि लोगो, व्हेज-नॉनव्हेजची खूण हे स्टिकर बाँडेड (कस्टमच्या देखरेखीखालच्या) गोडाऊनमध्ये लावू देतात. तारखा किंवा घटकांची यादी मात्र नंतर चिकटवता येत नाही.

शेवटचा, नाव-गाव नको म्हणालेत: माल उतरून बावीस दिवस झाले, बीआयएस नाहीये, रोज मीटर पडतंय. काय करू?

दोन मीटर पडतायत, सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं कंटेनर डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न दिल्याचे पैसे), आणि दुसरं जास्त महाग असतं. ३० दिवसांत माल सुटला नाही तर कस्टम ॲक्टच्या कलम ४८ खाली तो विकायची नोटीस येऊ शकते. म्हणून आज हे करा. कलम ४९ खाली अर्ज द्या, क्लिअरन्स होईपर्यंत माल गोडाऊनला हलवायची परवानगी मिळते, आधी ३० दिवसांची, म्हणजे कंटेनर रिकामा होऊन डिटेन्शन थांबतं. मग सप्लायरला विचारा, फॅक्टरीचं खरंच रजिस्ट्रेशन आहे आणि फक्त मार्क लावायचा राहिलाय, की रजिस्ट्रेशनच नाही?

नसेलच तर रीएक्सपोर्ट मागा, आणि स्वतःहून लेखी मागा. बीआयएस नसलेला माल प्रोहिबिटेड धरला जातो आणि प्रोहिबिटेड मालाला दंड भरून सोडायचं की नाही ते कलम १२५ मध्ये अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर परत न पाठवलेला माल मोडून भंगारात काढायची तरतूद त्या ऑर्डरमध्येच आहे. परत पाठवायचा खर्च सप्लायर उचलतोय का हे उद्या सकाळपर्यंत मेलवर घ्या, चॅटवर नको. आणि त्या मेलची कॉपी, पीआय, सर्टिफिकेट म्हणून त्याने जे काय पाठवलं होतं ते, हे सगळं घेऊन मला फोन करा, अर्ज एकत्र बसून लिहू.