वर्गात जिंजरब्रेडचं घर: पहिल्यांदाच करताय?

पहिल्या वर्षी जिंजरब्रेड (आल्याच्या चवीचं जाड बिस्कीट) भाजायच्या फंदात पडू नका. दुधाचा छोटा खोका धुऊन वाळवा आणि त्यावर ग्रॅहम क्रॅकर (चौकोनी, गोडसर गव्हाची बिस्किटं) आयसिंगने चिकटवा. मुलांना फरक पडत नाही.

खरी मेख आयसिंगमध्ये. 3 मोठे चमचे मेरिंग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पूड), 450 ग्रॅम आयसिंग शुगर, 5-6 मोठे चमचे कोमट पाणी. टोक ताठ उभं राहीपर्यंत 7-10 मिनिटं फेटा. कच्चं अंडं नकोच.

हमखास होणाऱ्या चुका:
- भिंती आणि सजावट एकाच दिवशी. ओल्या आयसिंगवर सजावटीच्या गोड गोळ्यांचं वजन आलं की छप्पर घसरतं. सांगाडे आदल्या दिवशी तुम्हीच उभे करा.
- आयसिंग उघडं ठेवणं. पापुद्रा धरतो, ओल्या फडक्याने झाका.
- अ‍ॅलर्जी न विचारणं.

गोळ्या दुप्पट आणा, निम्म्या पोटात जातात.