वाचकांचे प्रश्न : अलंकार ओळखला, पुढे काय लिहायचे?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत असून इंग्रजीतील पंधरा-वीस अलंकारांच्या व्याख्या तिला उदाहरणांसह पाठ आहेत. परंतु वर्गात न शिकवलेली कविता समोर आली की ‘सिमिली आहे’, ‘पर्सॉनिफिकेशन आहे’ एवढे लिहून ती थांबते आणि रसग्रहणात गुण जातात. उजळणी कशी करून घ्यावी?
– एक पालक, सातारा

उत्तर : व्याख्यांची उजळणी आता पुरे करावी. अलंकाराचे नाव लिहिल्यावर तो त्या ओळीत काय काम करतो, हे स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव तिला हवा आहे, आणि त्यासाठी एकच कविता सावकाश वाचणे अधिक उपयोगी पडते. वर्ड्‌स्वर्थची १८०७ साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल्सची कविता घ्यावी.

पहिल्याच ओळीत कवी ‘लोन्ली ॲज अ क्लाउड’ भटकतो. ‘ॲज’ दिसताच मुले सिमिली लिहितात, ते बरोबरच आहे. पण ढगच का? ढग उंचावरून, कोठेही न गुंतता जातो, म्हणूनच पुढे हजारो फुले एका दृष्टिक्षेपात दिसल्याचे कवी सांगतो तेव्हा ते पटते. हे एक वाक्य लिहिले की उत्तराला वजन येते. त्यानंतर फुलांसाठी ‘क्राउड’ हा शब्द येतो. पर्सॉनिफिकेशन शोधणारी मुले थेट ‘डान्सिंग’वर बोट ठेवतात, वास्तविक फुलांना माणूसपण देण्याची सुरुवात या ‘गर्दी’पासूनच झालेली असते, आणि एकट्या माणसासमोर अचानक गर्दी उभी राहते यातच त्या कडव्याची गंमत आहे.

आता शेवटच्या कडव्याकडे यावे. तेथे कोचावर पडलेला कवी पुन्हा एकटाच आहे, मात्र त्या स्थितीला तो ‘सॉलिट्यूड’ म्हणतो आणि तिच्यात त्याला आनंद आहे. मराठीत यासाठी नेमकी जोडी आहे : पहिल्या ओळीतला माणूस एकाकी आहे, शेवटी त्याला एकांत लाभला आहे. ‘कवीच्या मनःस्थितीत कोणता बदल झाला?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका ओळीत सापडत नाही, हे दोन शब्द शेजारी ठेवल्यावरच ते हाती येते. अनुमान म्हणतात ते हेच. (१५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराकाठी ती फुले पाहताना कवीबरोबर त्याची बहीण डोरोथी होती आणि तिने आपल्या रोजनिशीत त्याचे वर्णनही केले आहे. माहिती म्हणून हे रंजक आहे, तथापि उत्तर कवितेतल्या शब्दांवरच उभे राहिले पाहिजे.)

मराठी व्याकरण पक्के असलेल्या मुलांची दोन ठिकाणी फसगत होते. ‘जणू’ आले की आपण उत्प्रेक्षा म्हणतो, परंतु शालेय इंग्रजीत तिच्यासाठी वेगळा रकाना नसल्याने ‘ॲज इफ’ची तुलनाही सिमिलीतच मोडते. दुसरे, देवनागरीत अक्षर आणि उच्चार सहसा जुळत असल्यामुळे आपले अनुप्रास डोळ्यांनीही सापडतात; इंग्रजीतील अलिटरेशन मात्र कानानेच ओळखावे लागते. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचे आद्याक्षर एकच असूनही तेथे अलिटरेशन होत नाही, उलट ‘फोन’ आणि ‘फिश’ यांची आद्याक्षरे निराळी असूनही ते होते. म्हणून कविता मोठ्याने वाचून घ्यावी; मनात वाचणाऱ्या मुलांना हे कळावे तरी कसे?

प्रश्न : उताऱ्याचे प्रश्न आधी वाचावेत की उतारा?
– दहावीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : प्रश्नांवरून एक नजर फिरवा, पण नंतर उतारा सलग वाचा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकून तेच वाक्य उतरवण्याची सवय फसवी आहे. ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’ या शब्दांखाली रेघ ओढा. ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’नंतर येणारे म्हणणे बहुधा लेखकाचे स्वतःचे असते, त्याआधीचे अनेकदा इतरांचे. ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू झाले, तर लेखकाचा भर स्वल्पविरामानंतरच्या भागावर असतो. ‘इट’ आणि ‘धिस’ कशासाठी आले आहेत, तेही समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.